शेपटीखाली बघायची लाज

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांबलंय, याची कल्पना आहे. कात्री लावायची तर खुशाल लावा. फक्त 'लघवी', 'अंड', 'वृषण' हे शब्द तेवढे ठेवा. ते गेले तर पत्रात काही राहत नाही.

मी जनावरांच्या दवाखान्यात ३१ वर्षं ड्रेसर होतो. हे सांगितलं की लोक लगेच विचारतात, "बैलघोड्यात का?" नाही. परळचं बैलघोडा हॉस्पिटल मोठं, शेजारचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तर १८८६ सालचं. आमचा दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक बाकडं. ड्रेसर म्हणजे डॉक्टर नव्हे. जनावर धरायचं, केस भादरायचे, जखम धुवायची, सलाईनची बाटली उंच धरून उभं राहायचं, आणि मालकालाच घेरी आली तर त्याला बाहेर बसवून पाणी द्यायचं. पण इतकी वर्षं डॉक्टरांच्या कोपराशी उभं राहिलं की माणसांचं काहीबाही कळायला लागतं. मला कळलेलं हे, की लोक जनावराचा डोळा बघतात, कान बघतात, नख तुटलं तरी धावत येतात, पण नराच्या मागच्या दोन पायांच्या मध्ये कोणी बघत नाही. बघितलं तर बोलत नाही.

हे आत्ताच लिहायला बसलो, कारण गेल्या महिन्यात आमच्या चाळीत एक बोका गेला. माझ्यापासून दोन खोल्या पलीकडे.

बोका चार वर्षांचा, पांढरा-केशरी, अंगाने भरलेला. खाणं कोरडे दाणे, पाणी मनाला आलं तर. रविवारी सकाळपासून तो मातीच्या ट्रेमध्ये जायचा, बसायचा, कण्हायचा, बाहेर यायचा, परत जायचा. वहिनींना वाटलं पोट साफ होत नाहीये. त्यांनी दुधात तूप घालून पाजलं, संध्याकाळी थोडं एरंडेल. सोमवारी त्याने दोनदा ओकलं आणि खाटेखाली ट्रंकेमागे जाऊन बसला. मंगळवारी सकाळी त्यांची मुलगी माझ्या दारात. "काका, तो उठत नाहीये."

मी ट्रंक सरकवून त्याला बाहेर घेतला. पाय गार. पोटाखाली हात घातला तर मोसंबीएवढा टणक गोळा लागला. तो मूत्राशय होता. लघवीचा थेंब दोन दिवस बाहेर पडलेला नव्हता. टॅक्सी केली, आमच्या जुन्या डॉक्टरीणबाईंकडे नेला. त्यांनी स्टेथोस्कोप लावला आणि माझ्याकडे बघितलं, तेवढ्यावर मला समजलं. ठोके मोजता येतील इतके सावकाश पडत होते. पायाची शीर सापडेपर्यंत ते थांबले.

परत येताना जिन्यात मुलीचे वडील मला म्हणाले, "मला रविवारीच वाटलं होतं. तो सारखा तिथेच चाटत होता, टोक लालबुंद झालेलं. पण घरात पोरी, काय बोलणार?"

माणूस वाईट नाही, हे नीट लक्षात घ्या. बोक्यासाठी रोज भाऊच्या धक्क्यावरून मासळी आणणारा माणूस आहे. त्याला दिसलं होतं, समजलंही होतं, फक्त ते तोंडातून काढता आलं नाही.

बोक्याचं शरीरच असं असतं, की मूत्रनळी मूत्राशयातून निघते तेव्हा बरी रुंद असते आणि टोकाकडे येताना सुईच्या नाकासारखी होते. लघवीत बारीक रेतीसारखे खडे आणि चिकट शेंबडासारखा द्रव जमला की नेमकं तिथे बूच बसतं. कधी खडे नसतात, नुसत्या सुजेने आणि आकडी आल्यासारख्या आवळण्याने नळी मिटते. मग मूत्राशय तुंबतं, मूत्रपिंडावर ताण येतो, लघवीतून जायचं ते पोटॅशियम रक्तात साठतं आणि हृदय मंदावतं. एका दिवसात बोका आजारी दिसतो, दोन-तीन दिवसांत जातो. रविवारी आणला असता तर आधी सलाईन आणि हृदय सांभाळायचं इंजेक्शन, मग गुंगी देऊन बारीक कॅथेटर, सलाईनने नळी धुवायची, एक-दोन दिवस कॅथेटर ठेवायचा. असे बोके चौथ्या दिवशी माझ्या हातावर ओरखडा काढून घरी गेलेले मी कितीतरी बघितलेत. पुन्हा तुंबू शकते, हेही खरं. म्हणून पुढे ओलं खाणं, जास्त पाणी. वारंवारच व्हायला लागलं तर ऑपरेशन करून मोठी वाट काढतात.

मांजरीची नळी आखूड आणि रुंद, तिला हे सहसा होत नाही. म्हणून ट्रेमध्ये कुंथणारं मांजर दिसलं की पहिला प्रश्न नर की मादी. मादी असेल तर संध्याकाळी डॉक्टरकडे न्या. बोका असेल तर आहात त्या कपड्यांत टॅक्सी करा. आणि एरंडेल नको.

आमच्याकडे केसपेपर मी भरायचो. 'तक्रार' या रकान्यासमोर माझं पेन अडायचं. खोकला, खाज, जुलाब हे लोक खणखणीत सांगायचे. पण काही पुरुष टेबलाशी येऊन माझ्या कानात बोलायचे. "त्याला जरा... इथे... म्हणजे खालचा भाग." मीही 'खालचा भाग' असंच लिहायचो. एका गृहस्थांनी तर चिठ्ठी आणली होती, चार घड्या घातलेली. शेवटची दहा वर्षं डॉक्टर म्हणजे बाई होत्या, त्यामुळे तर विचारू नका. प्रश्न त्या विचारायच्या, उत्तर मला मिळायचं. मग त्या मुद्दाम मोठ्याने म्हणायच्या, "अंडं किती आहेत? मोजलीत कधी?" बाकड्यावरचे सगळे एकदम मोबाईलमध्ये बघायला लागायचे.

मोजायची का, त्याचा एक किस्सा सांगतो.

दादरचे एक निवृत्त साहेब, त्यांचा नऊ वर्षांचा लॅब्रॅडॉर. दोन्ही कुशींवरचे केस गेलेले, अगदी सारखे, जणू कोणी मोजून भादरलेत. कातडी काळपट. साहेबांनी तीन शॅम्पू बदलले होते, बुरशीचं मलम लावलं होतं, चिकन बंद करून बघितलं होतं. बाईंनी कुत्र्याला उताणा करायला सांगितलं. मी धरला. त्याची स्तनाग्रं व्यालेल्या कुत्रीसारखी फुगलेली. बाई म्हणाल्या, "बागेत इतर नर याच्या मागे लागतात का?" साहेब लाल झाले. लागत होते. त्यासाठी त्यांनी सकाळचं फिरणं साडेपाचला आणलं होतं, कोणी बघू नये म्हणून.

बाईंनी चाचपलं. पिशवीत एकच.

"एकच आहे, हे माहीत होतं तुम्हाला?"

"पिल्लू होता तेव्हापासून एकच आहे," साहेब म्हणाले. "मर्दाला एक पुरे."

दुसरं पोटात होतं आणि तिथे त्याची गाठ झाली होती. अंड पोटाच्या उबेत राहिलं की त्यात गाठ होण्याचा धोका खाली उतरलेल्यापेक्षा कितीतरी पट जास्त. यातल्या एका जातीची गाठ मादीचं संप्रेरक सोडते, म्हणून केस जातात, स्तनाग्रं फुगतात, बाकीचे नर फसतात. लोकांना गंमत वाटते, पण तेच संप्रेरक हाडातला मगज मारतं आणि रक्त बनायचं थांबतं. हा कुत्रा नशिबाने त्याआधी आला. रक्त तपासून, पोट उघडून दोन्ही काढली. पोटातलं निघालं ते लिंबाएवढं. साहेब ट्रेमध्ये बघायला तयार नव्हते. चार महिन्यांनी कुत्रा आला तो कुशींवर मऊ नवे केस घेऊन, आणि साहेबांचं फिरणं परत सात वाजता.

कुत्र्याच्या पिल्लाची दोन्ही अंडं दोन महिन्यांपर्यंत पिशवीत उतरलेली असतात. सहा महिन्यांपर्यंत उतरली नाहीत तर पुढे उतरतील ही आशा सोडा. ऑपरेशन करून दोन्ही काढायची, फक्त लपलेलं नव्हे, कारण हा दोष पिल्लांत उतरतो. आणि अशा नराला 'क्रॉसिंग'साठी भाड्याने देणारे महाभाग मी बघितलेत! 'एका गोटीचा आहे पण रक्त चांगलं' म्हणे.

खच्ची करायचं म्हटलं की नराच्या बाबतीत आपल्याकडे फार विचित्र चालतं. तीच माणसं कुत्रीचं ऑपरेशन बिनतक्रार करून घेतात. पोट उघडायचं, गर्भाशय काढायचं, दहा दिवस टाके सांभाळायचे, सगळं कबूल. नराचं काम त्याच्या निम्म्याहून कमी वेळाचं, पण त्याला "बिचाऱ्याचं आयुष्य वाया घालवायचं का?" आयुष्य कोणाचं वाया जातंय, कुत्र्याचं की आपलं, हे विचारायची माझी हिंमत कधी झाली नाही. आता निवृत्त आहे, विचारतो.

याच जागी माझंही एक सांगून टाकतो. मला स्वतःला प्रोस्टेटचा त्रास आहे. रात्री तीनदा उठतो. माणसाची ही गाठ आतल्या बाजूला वाढून मूत्रमार्ग आवळते. कुत्र्याची बहुधा बाहेरच्या बाजूला वाढते आणि तिच्या वरून जाणाऱ्या शेवटच्या आतड्यावर, गुदाशयावर दाबते. म्हणून म्हातारा, अंडील कुत्रा लघवीसाठी नव्हे, शौचासाठी कुंथतो. शी चपटी होते, पट्टीसारखी. मध्येच लघवीच्या जागेतून रक्ताचे दोन थेंब. मालक इसबगोल देत बसतो. साधी वाढ असेल तर कुत्र्याला खच्ची केलं की काही आठवड्यांत गाठ आपोआप आकसते. माझ्या डॉक्टरांनी मला गोळी लिहून दिली. मी त्यांना कुत्र्यांचा उपाय सांगितला तेव्हा ते इतके हसले की नर्स आत डोकावली.

रक्ताच्या थेंबावरून रस्त्यावरचे कुत्रे आठवले. करी रोड स्टेशनजवळ एक चहावाला होता, त्याच्या टपरीखाली तपकिरी कुत्रा झोपायचा. तो उठला की लादीवर रक्ताचे थेंब. चहावाल्याला वाटायचं गाडीने उडवलं असेल. कातडी मागे सारली तर आत फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी लालभडक, हात लागला की ठिबकणारी गाठ. हा कॅन्सरच, पण अजब. जोडी लागताना, हुंगताना, चाटताना एका कुत्र्याच्या गाठीतल्या जिवंत पेशीच दुसऱ्याच्या अंगात रुजतात. जीवजंतू नाही, पेशी. आणि त्या सगळ्या हजारो वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी एकाच कुत्र्याच्या. बाईंनी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी हातातला ट्रे खाली ठेवला होता.

दिसायला भयंकर, पण बहुतेक कुत्रे बरे होतात. आठवड्याला एक व्हिन्क्रिस्टीनचं इंजेक्शन, शिरेतून, अशी चार ते सहा. औषध शिरेबाहेर सांडलं तर मांस सडतं, म्हणून धरणाऱ्याने हलू द्यायचं नाही. त्या कुत्र्याच्या बाबतीत अवघड होतं ते त्याला पकडणं. पहिल्या सुईनंतर तो माझा खाकी शर्ट लांबून ओळखून पळायला लागला. दुसऱ्या वेळी मी मुलाचा लाल टी-शर्ट घालून गेलो. पाचव्या सुईला गाठ नाहीशी झाली होती. नंतर त्याची नसबंदीही झाली, कानाला खूण आली. टपरीवरचे लोक मात्र शेवटपर्यंत त्याला 'ॲक्सिडंटवाला' म्हणत राहिले.

आता बकरी ईदच्या दिवसांतलं. गोवंडी, कुर्ला, नागपाडा, तिकडून लोक बोकड घेऊन यायचे. देवनारहून आणलेला बोकड पंधरा दिवस, महिना गॅलरीत पोरांसारखा वाढवलेला असतो. लाडाने काय काय घालतात! गहू, चणे, पाव, बिस्किटं. हिरवा पाला मुंबईत विकत घ्यावा लागतो, तो कमी. दाण्यात फॉस्फरस जास्त, पाणी पिणं कमी, की लघवीत खडे धरतात. त्यातून लहानपणीच खस्सी केलेला असेल तर त्याची नळी नीट रुंदावलेलीच नसते. बोकडाच्या लिंगाच्या टोकाला गांडुळासारखा बारीक, लोंबता धागा असतो. खडा आधी तिथे अडकतो.

अशा बोकडाला बसवायची एक पद्धत आहे. मी मागून त्याच्या पुढच्या पायांखाली हात घालायचो आणि त्याला ढुंगणावर बसवायचो, न्हाव्याच्या खुर्चीत गिऱ्हाईक बसतं तसा. मग बाई लिंग बाहेर घ्यायच्या, गॉजने धरायच्या, धाग्यात मुगाच्या दाण्याएवढा खडा बोटाला लागला की कात्रीने तो धागाच छाटायच्या. बोकडाचं त्यावाचून काही अडत नाही. एकदा छाटल्याबरोबर अशी धार उडाली, की बाईंचा चष्मा, माझा शर्ट, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं भिजलं. बोकडाबरोबर आलेली तीन माणसं टाळ्या पिटायला लागली. धागा छाटलेला बोकड कुर्बानीला चालतो का, असं त्यातल्या एकाने मला विचारलं. म्हटलं, ते मौलानांना विचारा.

सगळे इतके सोप्यात सुटत नाहीत. आत नळीला इंग्रजी एस अक्षरासारखं वळण आहे, खडा तिथे बसला तर पोटातून मूत्राशयात नळी घालावी लागते. महिनाभर लघवी त्या नळीने, आणि लघवी आंबट करून खडा विरघळवायला नवसागर, तोही डॉक्टर सांगतील त्या मापाने. म्हशीच्या नर पारड्यांनाही हेच होतं, गावाकडच्यांनी लक्षात ठेवावं. आणि एक फसवं लक्षण आहे, ते मला सगळ्यात टोचतं. कुंथून कुंथून हैराण झालेलं जनावर अचानक शांत होतं. घरच्यांना वाटतं, उतार पडला, झोपू दे. खरं तर तेव्हा मूत्राशय फुटलेलं असतं. ताण गेला म्हणून कळ गेली. दुसऱ्या दिवशी पोट दोन्ही बाजूंनी पखालीसारखं फुगतं. एक बाई मला म्हणाल्या होत्या, "मी दोन दिवस बघतेय, थेंब थेंब होतंय. पण घरी सासरे होते, त्यांना कसं सांगू? मालक दुबईला." त्यांनी फोनवर नवऱ्याला सांगितलं, नवऱ्याने दिराला, दिराने आम्हाला. तोपर्यंत बोकड शांत झाला होता.

गावाकडचं मी फार बोलणार नाही, आमचं संगमेश्वराकडचं घर आता बंदच असतं. लहानपणी खोंड बडवताना बघितलाय. चार माणसं अंगावर आणि त्याचे डोळे. आता डॉक्टर भूल देऊन बर्डिझोच्या चिमट्याने कातडीवरूनच शीर दाबतात, रक्त येत नाही. एवढंच सांगतो, की वळूचं किंवा खोंडाचं अंड सुजून गरम लागलं तर शेक देत बसू नका. ब्रुसेलाही असू शकतो, आणि तो रोग माणसाला होतो. त्याची लस कालवडींना देतात, चार ते आठ महिन्यांच्या वयात. नराला देत नाहीत, म्हणून त्याच्याकडे डोळे उघडे ठेवूनच बघावं लागतं. १९६२ नंबरवर फोन केला तर जनावरांची फिरती गाडी येते.

तर संपादकसाहेब, आपल्या रविवारच्या पुरवणीत पाळीव प्राण्यांवर अर्धं पान असतं, मी न चुकता वाचतो. गेल्या वर्षात त्यात केस चमकदार कसे ठेवावेत, पावसाळ्यात पंजे कसे पुसावेत आणि कुत्र्याच्या वाढदिवसाचा केक कसा करावा, हे आलं. केक दोनदा आला. एका रविवारी त्याच जागेवर, लघवी तुंबलेला बोका कसा ओळखायचा आणि पिल्लाची अंडं कशी मोजायची, एवढं छापा. चित्र काढून छापा. लोक नाकं मुरडतील, पण कापून ठेवतील.

पत्र टाकायचं राहून गेलं होतं, तेवढ्यात परवा एक झालं. रात्री साडेदहाला गॅलरी रिकामी झाल्यावर तेच वडील माझ्या दारात आले. टॉवेलात गुंडाळलेलं काळं पिल्लू, मुलीने कुठूनसं आणलेलं.

"जरा बघता का?"

"काय बघू?" मी मुद्दामच विचारलं.

त्यांनी मागे वळून गॅलरीत दोन्हीकडे पाहिलं. मग म्हणाले, "अंडं."

मी शेपटी वर केली, अंगठ्याने आणि बोटाने चाचपलं. म्हटलं, दोन आहेत. मसुराएवढी.

आपला,
एक निवृत्त ड्रेसर
काळाचौकी, मुंबई